बघण्यासारखं काही नाही, जरूर जा!

वीकएण्डचा प्लॅन ठरवताना ग्रुपमध्ये एक जण हमखास विचारतो, 'पण तिथे बघण्यासारखं आहे काय?' प्रश्न अगदी रास्त आहे. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम केल्यावर उरलेला एक दिवस कुठे घालवायचा, याचा हिशेब करायलाच हवा. पैसा वसूल झाला पाहिजे, फोटो झक्कास आले पाहिजेत आणि जवळपास खायची सोय असली तर सोन्याहून पिवळं!

या परीक्षेत आयर्लंडमधली तारा नावाची टेकडी सपशेल नापास होईल.

डब्लिनच्या वायव्येला, गाडीने साधारण पाऊण तासावर, मीथ नावाच्या काउंटीत ही टेकडी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर. 'आयर्लंडच्या राजांची टेकडी' अशी हिची ख्याती. ती ऐकून तुम्ही मोठ्या अपेक्षेने जाता आणि तिथे दिसतं काय, तर गवत. हिरवंगार, ओलं, दूरवर पसरलेलं गवत. त्यात चरणाऱ्या मेंढ्या. मध्येच जमिनीला आलेले उंचवटे, लांबच लांब चर आणि एक उभा दगड. बास! ना तटबंदी, ना बुरूज, ना महादरवाजा, ना सिंहासनाचा चौथरा. गड-किल्ल्यांवर लहानाचं मोठं झालेलं मराठी मन तर खट्टूच होतं. पुष्कळ टुरिस्ट अर्ध्या तासात 'एवढंच?' म्हणत गाडीकडे वळतात.

आणि तरीही या गवतासाठी माणसं भांडली आहेत. साधीसुधी नाही, कडाकडा भांडली आहेत. कोणी कोर्टात गेलं, कोणी तंबू ठोकून राहिलं, एक आंदोलक तर भुयार खणून जमिनीखाली जाऊन बसली. नोबेल मिळवलेले कवी सीमस हीनी यांनीही जाहीर नापसंती व्यक्त केली. कशासाठी? एका रस्त्यासाठी. आणि तो रस्ता कोणासाठी होता? रोज सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकत ऑफिस गाठणाऱ्या, ईएमआय भरणाऱ्या, तुमच्या-आमच्यासारख्या मंडळींसाठी.

म्हणूनच ही गोष्ट आपल्या कामाची आहे. पण रस्त्याकडे जाण्याआधी टेकडीची ओळख करून घेऊ.

नावात बरंच काही आहे

तारा हे नाव आपल्याला घरचंच वाटतं, पण त्याचा आपल्या आकाशातल्या ताऱ्याशी संबंध नाही. मूळ आयरिश नाव 'त्याऊर'च्या जवळपास उच्चारलं जातं. इंग्रजांच्या तोंडी ते 'टारा' झालं. 'गॉन विथ द विंड' पाहिला असेल, तर स्कार्लेटचं घर आठवत असेल. अमेरिकेतल्या त्या मळ्याचं नावही तारा! कारण कथेतला तिचा बाप मीथ काउंटीतून आलेला. घरापासून हजारो मैल दूर गेलेल्या माणसाने नव्या घराला जुन्या टेकडीचं नाव दिलं.

नावाचा हा ब्रॅण्ड किती चालतो, याचा आणखी एक सॉलिड किस्सा आहे. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'तारा ब्रोच' नावाचा एक दागिना आहे. साधारण १,३०० वर्षांपूर्वीचा, चांदीचा, सोन्याच्या नक्षीचा, अंबर आणि काचेचे तुकडे जडवलेला. इतका नाजूक की बघत राहावं. पण गंमत अशी, की या ब्रोचचा तारा टेकडीशी काडीचाही संबंध नाही! तो १८५० मध्ये बेटिस्टाउन नावाच्या समुद्रकिनारी सापडला. पुढे तो वॉटरहाउस नावाच्या डब्लिनच्या सराफाकडे आला. तो आपल्या पेढीत जुन्या दागिन्यांच्या नकला करून विकायचा. 'बेटिस्टाउन ब्रोच' म्हटलं तर कोण विचारणार? त्याने नाव दिलं तारा आणि धंदा जोरात चालला. मार्केटिंगवाल्यांनी या सराफाला गुरू मानायला हरकत नाही.

राजवाड्यातला इंटरव्ह्यू

आता दंतकथा. यातल्या बहुतेक गोष्टी मध्ययुगात भिक्षूंनी आणि पंडितांनी लिहून ठेवल्या. त्या इतिहास म्हणून घ्यायच्या नाहीत, पण आहेत मात्र एकदम हटके.

फार पूर्वी तारावर तुआथा दे दानन या देवतासमान लोकांचं राज्य होतं. राजा होता नुआदा. एकदा दारात लू नावाचा तरुण आला. द्वारपालाने अडवलं, 'कला येत असेल त्यालाच आत प्रवेश. तुला काय येतं?' लू म्हणाला, 'मी सुतार आहे.' 'सुतार आहे आमच्याकडे.' 'लोहार आहे.' 'तोही आहे.' वीर, हार्पवादक, कवी, वैद्य, जादूगार... लू एकेक कौशल्य सांगत गेला आणि पलीकडून एकच उत्तर, 'व्हेकन्सी नाही!' शेवटी लू म्हणाला, 'बरं, राजाला जाऊन विचार, हे सगळं एकट्याला येतं असा कोणी आहे का?' तसा कोणीच नव्हता. लू आत गेला. राजाने त्याला परीक्षा घेऊन पारखलं आणि चक्क तेरा दिवस स्वतःच्या आसनावर बसवलं! मल्टिटास्किंग, मल्टिटास्किंग म्हणून आपल्या कानीकपाळी ओरडणाऱ्या बॉसलोकांना ही गोष्ट कळू न दिलेली बरी.

दुसरी गोष्ट कॉर्मक मॅक आर्टची. तो लहान मुलगा असताना तारावर लुगाद नावाचा राजा होता. एका बाईच्या मेंढ्यांनी राणीच्या मळ्यातली निळा रंग देणारी रोपं खाल्ली. राजाने निकाल दिला, सगळ्या मेंढ्या राणीला द्या. पोरगा उठला आणि म्हणाला, 'हे बरोबर नाही. मेंढ्यांनी फक्त पानं खाल्ली, ती पुन्हा फुटतील. राणीनेही फक्त लोकर घ्यावी, तीही पुन्हा येईल.' कापणीच्या बदल्यात कातरणी! निकाल ऐकताच ज्या घरात राजा बसला होता, त्याची एक बाजू उतारावरून खाली घसरली. त्यानंतर वर्षभर गवत उगवलं नाही, झाडांना पालवी फुटली नाही. अखेर लुगाद गेला आणि कॉर्मक राजा झाला. टेकडीच्या पश्चिम उतारावरच्या वेड्यावाकड्या चरांना आजही याच गोष्टीशी जोडतात. टेकाडावर बसून अचूक न्याय करणारा पोर म्हटल्यावर आपल्याला सिंहासन बत्तिशीची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

यातला फंडा महत्त्वाचा आहे. राजा खोटं बोलला, चुकीचा न्याय दिला, तर जमीन नापीक होते. राजाचं खरेपण म्हणजे राज्याचं पीकपाणी. मायल्स डिलन या आयरिश अभ्यासकाने १९४७ मध्ये एक लेख लिहून या कल्पनेचं नातं थेट आपल्याकडच्या 'सत्यक्रिये'शी जोडलं. सत्यक्रिया म्हणजे 'मी खरं वागलो असेन तर अमुक घडो' असं म्हणून सत्याच्या जोरावर घडवून आणलेली गोष्ट. आपल्या जुन्या कथांत ती ठिकठिकाणी येते. युरोपच्या एका टोकाला असलेलं बेट आणि आपण, आणि मध्ये हा बारीकसा धागा.

राजा खरा की खोटा, हे ठरवायला तारावर एक यंत्रही होतं म्हणे. तो उभा दगड, लिया फॉल. खऱ्या राजाचा स्पर्श झाला की तो मोठ्याने ओरडायचा. आज हा दगड टेकडीवरच्या एका गोल उंचवट्यावर उभा आहे. तिथे तो १९व्या शतकात आणून बसवला. १७९८ च्या बंडात इंग्रज राजवटीविरुद्ध लढताना याच टेकडीवर जे मारले गेले, त्यांची खूण म्हणून. दगडाला आता काम उरलेलं नाही. आयर्लंड प्रजासत्ताक आहे आणि पंतप्रधान मतपेटीतून येतो. पण त्या पदाचं नाव अजूनही जुनंच, 'टीशॉक', म्हणजे नायक, टोळीप्रमुख. २०१७ ते २०२० आणि मग २०२२ ते २०२४ या काळात हे पद लिओ वराडकर यांच्याकडे होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले, तेव्हा अख्खं वराड लोटलं होतं.

गवताखाली दडलंय काय?

दंतकथा बाजूला ठेवल्या, तरी तारा रिकामी नाही. फक्त तिचा ऐवज जमिनीखाली आहे.

टेकडीवर एक छोटासा गोल ढिगारा आहे, 'ओलिसांचं टेकाड'. आत दगडी बांधणीची अरुंद वाट आणि छोटं दालन. हे आहे थडगं, इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासचं. म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही काही शतकं जुनं! नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याची किरणं आत शिरतात. नोव्हेंबरचा हा काळ म्हणजे 'साउइन' हा जुना केल्टिक सण. ज्याचं पुढे हॅलोविन झालं आणि जो आता आपल्या मॉलमध्येही भोपळे घेऊन येतो, तोच.

या टेकाडाचं उत्खनन १९५० च्या दशकात झालं. आत शेकडो माणसांच्या अस्थी सापडल्या. त्यात कांस्ययुगातला एक किशोरवयीन मुलगाही होता, गळ्यात अंबर, जेट आणि फायन्सच्या मण्यांची माळ घातलेला. त्या काळी असे मणी लांबून यायचे. कोण होता, कोणाचा लाडका होता, काही कळायला मार्ग नाही. पण साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी त्याला ती माळ घालून निरोप दिला, एवढं नक्की.

या टेकाडाला कवेत घेणारं मोठं रिंगण म्हणजे 'राजांचं रिंगण'. परीघ सुमारे एक किलोमीटर, काळ इसवी सनापूर्वी पहिलं शतक. यातली गोम अशी, की मातीचा बांध बाहेर आहे आणि खंदक आतल्या बाजूला. गड बांधणारा कोणीही सांगेल, खंदक बाहेर हवा, शत्रू तिकडून येणार! म्हणजे हे बांधकाम लढाईसाठी नव्हतंच. ते विधींसाठी असावं, आतलं जग बाहेरच्या जगापासून वेगळं करणारं. म्हणूनच इथे बुरूज शोधणारा माणूस निराश होतो. तो चुकीची वस्तू शोधत असतो.

आणखी एक जागा आहे 'मेजवानीचा दिवाणखाना' नावाची, सुमारे दोनशे मीटर लांब. दोन समांतर बांध आणि मधला खोलगट भाग. १२व्या शतकातल्या एका हस्तलिखितात या दिवाणखान्याचा चक्क सीटिंग प्लॅन आहे. कुठल्या दर्जाच्या माणसाने कुठे बसायचं आणि त्याच्या ताटात मांसाचा कुठला तुकडा पडायचा, सगळं ठरलेलं! ऑफिस पार्टीत व्हीपींच्या टेबलाकडे बघून सुस्कारा टाकणाऱ्यांना हे लगेच कळेल. अभ्यासकांना मात्र वाटतं, की हा दिवाणखाना नव्हताच. टेकडीवर वाजतगाजत येण्यासाठी केलेला तो मिरवणुकीचा मार्ग असावा.

१९९० च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी जमीन न खणता, यंत्रांनी आतला अंदाज घ्यायला सुरुवात केली. तेव्हा एक अजस्र लंबवर्तुळ समोर आलं. सुमारे ३०० मोठमोठ्या खांबांचे खड्डे! वरून बघाल तर नुसतं गवत. लोक रोज त्यावरून चालत होते.

मालक कोण?

रिकाम्या जागेचं एक असतं, प्रत्येकाला ती आपली वाटते. ताराचा पुढचा सगळा इतिहास असाच आहे.

सेंट पॅट्रिकच्या ७व्या शतकातल्या चरित्रात कथा आहे, की ताराच्या राजाची आग पेटायच्या आधी कोणीही आग पेटवायची नाही, असा दंडक असताना पॅट्रिकने समोरच्या स्लेनच्या डोंगरावर ईस्टरची आग पेटवली. नव्या धर्माला आपला विजय सांगायला ताराच लागली.

१८४३ मध्ये डॅनियल ओकॉनेल या नेत्याने आयर्लंडला स्वतःची संसद परत मिळावी म्हणून जंगी सभा घेतल्या. त्यातली सगळ्यात मोठी तारावर झाली. दहा लाख लोक जमल्याचं तेव्हा छापून आलं. इतिहासकार हा आकडा फुगवलेला मानतात, पण गर्दी अफाट होती यात वाद नाही. सभेची तारीख होती १५ ऑगस्ट! निव्वळ योगायोग, पण आपल्याला गुदगुल्या करणारा. डब्लिनमध्ये हॉल मिळाला नसता असं नाही. पण लोकांना 'तुमचं राज्य' म्हणायचं, तर ते इथूनच.

मग आली अजब वल्ली मंडळी, ब्रिटिश इस्रायलाइट्स. आपण बायबलमधल्या हरवलेल्या जमातींचे वंशज आहोत आणि ज्यूंची पवित्र पेटी तारात पुरलेली आहे, अशी त्यांची खात्री. जमीनमालकाच्या परवानगीने १८९९ ते १९०२ या काळात त्यांनी खोदकाम केलं. पेटी मिळाली नाही, पण एका प्राचीन रिंगणाची पुरती वाट लागली. कवी डब्ल्यू. बी. येट्स, जॉर्ज मूर आणि पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले डग्लस हाइड यांनी लंडनच्या 'टाइम्स'ला निषेधाचं पत्र लिहिलं. हे तेच येट्स, ज्यांनी दहा वर्षांनी टागोरांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला प्रस्तावना लिहिली.

अगदी अलीकडेही, २०१२ मध्ये लिया फॉलवर कोणीतरी हातोडा चालवला आणि २०१४ मध्ये त्यावर रंग ओतला. बोलून चालून दगड तो, पण त्याच्याशी लोकांचं काहीतरी आहे खरं.

नऊची मीटिंग आणि पाच हजार वर्षं

आता येऊ रस्त्याकडे.

१९९० च्या दशकात आयर्लंडची अर्थव्यवस्था सुसाट सुटली. 'केल्टिक टायगर' म्हणून तिचं कौतुक झालं. आयटी कंपन्या आल्या, नोकऱ्या आल्या आणि डब्लिनमधल्या घरांचे भाव तरुण जोडप्यांच्या आवाक्याबाहेर गेले. मग काय? मीथ काउंटीत, नॅव्हनसारख्या गावांत घर घ्या आणि रोज डब्लिनला ये-जा करा. रस्ता होता जुना एन-३, गावागावांतून जाणारा, सकाळी ठप्प. नॅव्हनहून डब्लिनला जाणारी प्रवासी रेल्वे १९४७ मध्येच बंद पडलेली. जागांची नावं बदला, ही तुमचीच गोष्ट आहे.

उपाय ठरला साठेक किलोमीटरचा टोल मोटरवे, एम-३. नियोजन मंडळाने त्याला २००३ मध्ये मंजुरी दिली. आणि त्याचा मार्ग गेला तारा आणि शेजारच्या स्क्रीन या दोन टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यातून.

इथे दोन्ही बाजू नीट ऐकायला हव्यात. सरकारचं म्हणणं, टेकडीला आम्ही हातही लावत नाही. नवा रस्ता जुन्या एन-३ पेक्षाही माथ्यापासून लांब आहे. हे खरंच होतं. विरोधकांचं म्हणणं, तारा म्हणजे फक्त माथा नव्हे. राजधानी म्हटली की तिच्याभोवती वस्त्या, वाटा, विधींच्या जागा, संरक्षणाची ठाणी आलीच. खोरं हे टेकडीचं अंगण आहे. रस्ता नको असं नाही, दुसरीकडून न्या. हेही खरंच होतं.

२००७ मध्ये खोऱ्यातल्या लिसमलिन इथे उत्खननात खांबांच्या खड्ड्यांचं एक मोठं वर्तुळ सापडलं. लोहयुगातलं, सुमारे ८० मीटर व्यासाचं, ऐन रस्त्याच्या मार्गात! ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. आता रस्ता थांबणार, असं लोकांना वाटलं. पण सरकारने आदेश दिला, 'नोंदीच्या रूपाने जतन' करा. म्हणजे मोजमापं घ्या, फोटो काढा, अहवाल लिहा आणि मग त्यावरून रस्ता न्या. रीडेव्हलपमेंटला जाणाऱ्या चाळीचे फोटो काढून ठेवतात, तसं. चाळीचं जतन झालं म्हणायचं की अल्बमचं?

आंदोलन पेटलं. शेकडो लोकांनी टेकडीवर उभं राहून आयर्लंडचं चिन्ह असलेल्या हार्पचा आकार केला. जगातल्या धोक्यात आलेल्या वारसास्थळांची एक यादी निघते, तिच्या २००८ च्या आवृत्तीत ताराचं नाव आलं. विरोधात असताना या मार्गाला नाव ठेवणारा ग्रीन पक्ष जून २००७ मध्ये सत्तेत भागीदार झाला, पर्यावरणमंत्रीही त्याचाच. तरी काहीही थांबलं नाही. परवानग्या होत्या, करार झाले होते, कोर्टाने आव्हान फेटाळलं होतं. ४ जून २०१० रोजी एम-३ वाहतुकीला खुला झाला.

आणि मग? लोकांचा वेळ वाचला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाळणाघर बंद व्हायच्या आत मुलाला घ्यायला धावणाऱ्या आईसाठी वाचलेली वीस मिनिटं म्हणजे चैन नसते. एक विचित्र गोष्टही मान्य करावी लागते. रस्ता होणार नसता, तर लिसमलिन सापडलंच नसतं. ज्याने दाखवलं, त्यानेच पुसलं.

पण दुसरी बाजूही आहे. रस्ता खुला होईपर्यंत टायगर आजारी पडला होता. २००८ च्या मंदीनंतर गाड्या अपेक्षेइतक्या आल्या नाहीत. करारात कंपनीला वाहतुकीची हमी दिलेली. त्यामुळे न आलेल्या गाड्यांची भरपाई सरकारच्या तिजोरीतून द्यावी लागली! २०१० मध्येच डब्लिनहून एक रेल्वेमार्ग पुन्हा सुरू झाला. त्याच्या शेवटच्या स्टेशनचं नाव ठेवलं 'एम-३ पार्कवे'. पुढचा नॅव्हनपर्यंतचा टप्पा अजून कागदावरच आहे.

मग चूक कुठे झाली?

'विकास की वारसा' अशी चर्चा निघाली, की आपण पटकन एक बाजू पकडतो. ताराची गोष्ट इतकी सोपी नाही. रस्ता मागणारे लोक काही राक्षस नव्हते आणि भुयारात बसणारी मुलगी काही वेडी नव्हती. खरं तर ही दोन्ही माणसं आपल्या प्रत्येकात असतात. एकाला नऊच्या मीटिंगला वेळेवर पोचायचं असतं. दुसऱ्याला रविवारी कुठेतरी जाऊन, जिथे काहीच नाही अशा जागी नुसतं उभं राहायचं असतं. सोमवार ते शनिवार पहिल्याचं ऐकायचं आणि सातव्या दिवशी दुसऱ्याने जावं तिथे पहिल्याने बांधलेला टोलनाका असावा, असं झालं तर दोघंही हरले.

तारावरून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. महाल पाडायला निघालं की आरडाओरडा होतो, कारण महाल दिसतो. खोरं, पाणथळ, माळरान, टेकडीचा उतार गेला तर 'तिथे होतंच काय?' म्हणून विषय संपतो. रिकाम्या दिसणाऱ्या जागा सगळ्यात आधी बळी जातात, आणि गेल्यावर त्या रिकाम्या नव्हत्या असं कळतं.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. आंदोलनाला खरा जोर चढला तो मंजुरीनंतर. नकाशावर रेघ ओढली जात असताना, हरकती मागवल्या जात असताना सामान्य माणूस आपापल्या डेडलाइनमध्ये बुडालेला असतो. बुलडोझर आल्यावर आपण जागे होतो. तोवर सह्या झालेल्या असतात. नोटीस फार कंटाळवाण्या भाषेत, फार छोट्या अक्षरात छापलेली असते. पण भविष्य बऱ्याचदा त्या छोट्या अक्षरातच असतं.

आणि कोणी म्हणेल, जुनं जपत बसलो तर नवं बांधायचं कधी? त्याला ते 'राजांचं रिंगण' दाखवावं. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ते खणलं, त्यांच्या वेळी ओलिसांचं टेकाड तीन हजार वर्षांचं जुनं झालेलं होतं. कोणी बांधलं, कशासाठी बांधलं, हे त्यांनाही ठाऊक नसणार. त्यांनीही नवं बांधकाम केलं, तेही मोठं, एक किलोमीटर परिघाचं. पण टेकाड सपाट केलं नाही. त्याला आत घेऊन, भोवतीने वळसा घातला.

त्यांच्याकडे ना जीपीएस होता, ना आर्किटेक्ट. वळसा घालायची अक्कल मात्र होती.

जाता जाता...

कामानिमित्त डब्लिनला गेलात, तर एक दिवस तारासाठी ठेवा. टेकडी वर्षभर खुली असते, प्रवेशाला तिकीट नाही. टेकडीवरच्या जुन्या चर्चमध्ये माहिती केंद्र आहे, पण ते ठराविक मोसमातच उघडं असतं, आधी चौकशी करून जा. वारा झोंबतो, जॅकेट हवंच. गवत ओलं असतं, चांगले बूट घाला. उंचवट्यांवरून सायकल, ड्रोन असले प्रकार नकोत.

हवा स्वच्छ असेल, तर माथ्यावरून अर्धा आयर्लंड दिसतो असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. पूर्वेकडे, स्क्रीनच्या टेकडीच्या बाजूला बघा. खोऱ्यात एक करडी रेघ दिसेल, त्यावरून घाईघाईने पळणाऱ्या गाड्या. बहुतेक सगळे घरी किंवा ऑफिसला निघालेले. त्यांच्यावर रागावू नका.

फक्त परत जाताना तुम्हीही त्याच रस्त्याने जाणार आहात, एवढं लक्षात असू द्या. आणि ग्रुपमध्ये कोणी विचारलं, 'तिथे बघण्यासारखं काय होतं?' तर बिनधास्त सांगा, काही नाही. म्हणूनच गेलो होतो!